प्रवरेच्या कांठची जर्मन विदुषी

(आकाशवाणीवर दिलेलें भाषण. वक्ते कडेगांव येथील सेवानिवृत्त शिक्षक आहेत.)

नेवासें म्हटलें कीं, मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम एक खांब उभा राहतो. ज्ञानेश्वरांनीं ज्या खांबाला टेकून गीतेचा अर्थ मराठींत सांगितला, तोच हा खांब, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. तें वर्ष शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. मराठी वाङ्मयाचें सर्वांत मोलाचें लेणें ज्या गांवीं घडलें, त्याच गांवाजवळ, प्रवरा नदीला मिळणाऱ्या चिरकी नांवाच्या एका लहानशा नाल्याच्या मुखाशीं, लक्षावधि वर्षांपूर्वीं वावरलेल्या माणसांच्या हातचीं दगडी हत्यारें सांपडलीं आहेत. ज्ञानेश्वरांचा काळ आपणांस फार दूरचा वाटतो. परंतु या हत्यारांच्या हिशेबानें तो कालपरवाचा ठरतो. तीं हत्यारें मातींतून हलक्या हातानें मोकळीं करणारी व्यक्ति महाराष्ट्रीय नव्हती, भारतीयहि नव्हती. ती एक जर्मन स्त्री होती. तिचें नांव गुड्रून कोर्विनुस. या विदुषीच्या कार्याचा परिचय आज मी आपणांस करून देणार आहें.

मी कांहीं पुराणवस्तुसंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एक शाळामास्तर; इतिहास आणि भूगोल शिकविण्यांत माझी हयात गेली. कडेगांवच्या माणसानें नगर जिल्ह्यांतील एका नाल्याविषयीं बोलावें, याचें कोणास नवल वाटेल. परंतु आमच्या भागांतून वाहणारी येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, आणि त्याच कृष्णेच्या कांठीं, सांगलीच्या खालच्या अंगास, बेळगांव जिल्ह्यांतील येडूरवाडी येथें चिरकीसारखींच हत्यारें मिळालेलीं आहेत. म्हणजे ही हकीकत परक्या मुलखाची नाहीं. ती आपल्याच नद्यांची आहे.

कोर्विनुसबाईंच्या कार्याचें मोल कळण्यासाठीं त्यांच्यापूर्वीं काय ठाऊक होतें, तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. भारतांत अश्मयुगीन माणूस होता, याचा पहिला निश्चित पुरावा १८६३ सालच्या मे महिन्यांत मिळाला. रॉबर्ट ब्रूस फूट हे भूगर्भ-खात्यांतील अधिकारी. त्यांना मद्रासजवळ पल्लावरम येथें माणसानें घडविलेला एक दगड आढळला. पुढें दोनच वर्षांनीं, १८६५ सालीं, वाइन नांवाच्या त्याच खात्यांतील दुसऱ्या अधिकाऱ्याला गोदावरीच्या कांठीं पैठणजवळच्या मुंगी या गांवीं अकीकाची एक छिलकी मिळाली. महाराष्ट्रांतील शोधाचा आरंभ असा फार लवकर झाला. पण त्यानंतर कित्येक दशकें तो तेथेंच थांबल्यासारखा राहिला. याचें एक कारण म्हणजे त्या काळीं रूढ असलेली एक समजूत. मद्रासकडील आदिमानव आपलीं हत्यारें गारेसारख्या कठीण क्वार्टझाइट दगडाचीं करी. आपला मुलूख ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचा. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहून थिजलेल्या लाव्हाचा. ज्या प्रदेशांत हत्यारांजोगा दगड नाहीं, तेथें तो माणूस कशास राहील, असा तर्क त्या वेळचे विद्वान करीत. तर्क दिसावयास सरळ होता. त्याची परीक्षा मात्र कोणी घेतली नव्हती.

ती परीक्षा पुण्यांतून झाली. १९३४ सालीं बंद पडलेलें डेक्कन कॉलेज १९३९ सालीं संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें, आणि डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया हे तेथें प्राध्यापक झाले. सांकलिया मूळचे गुजराती, जन्म मुंबईचा, १९०८ सालचा. विद्याव्यासंगानें मात्र ते पुण्याचेच झाले. नद्यांच्या कांठांनीं पायीं हिंडून दरडींचे थर वाचावयाचे, ही त्यांची पद्धत. नाशिकजवळ गंगापूर येथें गोदावरीच्या जुन्या गाळांत त्यांना काळ्या पाषाणाचीं मोठमोठीं हत्यारें मिळालीं, आणि त्यांवरील त्यांचा ग्रंथ १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. मग १९५४ ते १९५६ या काळांत त्यांनीं नेवाशाचें पांढरीचें टेकाड खणलें. तेथें ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तींचे अवशेष एकाखालीं एक मिळाले. त्याच वेळीं प्रवरेच्या दरडींतील गोट्यांच्या थरांतून त्याहूनहि कितीतरी पुरातन अशीं अश्मयुगाचीं हत्यारें आणि रानबैलासारख्या पशूंच्या अश्मीभूत अस्थि बाहेर आल्या. महाराष्ट्र त्या काळीं निर्जन होता, ही समजूत अशा रीतीनें कायमची मोडली.

परंतु एक शंका सुटली, तोंच दुसरी उभी राहिली. नदीच्या गोट्यांच्या थरांत सांपडलेलें हत्यार हें त्या जागचें असतें काय? आपण सर्वांनीं पावसाळ्यांतील नदी पाहिली आहे. ती वरच्या गांवचें ओंडकें खालच्या गांवीं आणून टाकते. तिला दगडगोटे वाहून आणण्यास काय अवघड? ज्या हत्याराची धार वाहण्यानें घासून बोथट झाली आहे, तें कोठून आलें, कोणत्या काळीं आलें आणि ज्या थरांत तें पडलें त्या थराशीं त्याचें नातें काय, हें सांगतां येत नाहीं. मी मुलांना असें उदाहरण देत असें: रस्त्यावर उडत आलेलें एखादें छापील पान आपल्या हातीं लागलें, तर त्यावरील अक्षरें आपण वाचूं शकतों, पण तें कोणत्या पुस्तकाचें, कितवें पान, त्याच्या आधीं काय होतें आणि नंतर काय, हें कळावयास तें पुस्तकच सांपडलें पाहिजे. भारतांतील अश्मयुगाचा अभ्यास १९६० च्या सुमारास बहुतांशीं अशा सुट्या पानांवर चालला होता. पुस्तक हवें होतें.

तें पुस्तक शोधण्याचें काम कोर्विनुसबाईंनीं अंगावर घेतलें. त्यांचें मूळ शिक्षण जर्मनींत, भूगर्भशास्त्र आणि प्राचीन जीवशास्त्र या विषयांत झालेलें. ज्या पिढीचें बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या छायेंत गेलें, त्या पिढीच्या त्या. येथें मला एका योगायोगाची आठवण करून द्यावीशी वाटते. डॉ. इरावतीबाई कर्वे या १९२० नंतरच्या दशकांत पुण्याहून बर्लिनला गेल्या आणि तेथें मानववंशशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतल्या. पुढें डेक्कन कॉलेजांत त्या सांकलियांच्या सहकारी झाल्या आणि गुजरातेंत लांघणज येथील उत्खननांतहि दोघांनीं एकत्र काम केलें. १९६० नंतरच्या दशकांत त्याच डेक्कन कॉलेजकडे जर्मनीहून एक विदुषी आल्या. आपल्याकडून विद्यार्थी युरोपास जातात, ही गोष्ट आपल्या अंगवळणीं पडली आहे. तिकडून कोणी विद्वान येथें येऊन, नेवाशासारख्या गांवीं राहून, आपल्या नदीचा अभ्यास करील, ही गोष्ट मात्र विरळा.

कोर्विनुसबाई प्रथम भूगर्भशास्त्रज्ञ आणि मग पुराणवस्तुसंशोधक, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे; कारण त्यांच्या सर्व कार्याची किल्ली त्यांत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर रतनगडापाशीं उगम पावून प्रवरासंगमास गोदावरीला मिळणारी ही नदी त्यांनीं एक अखंड वस्तु म्हणून पाहिली. कोठें तिनें खोल कापलें, कोठें गाळ टाकला, गोट्यांचा थर कोठें संपतो, पिवळ्या मातीचा कोठें सुरू होतो, चुनखडीचे खडे कोणत्या थरांत धरले आहेत, याची त्यांनीं बारकाईनें नोंद केली. हत्यार हातीं घेण्यापूर्वीं ज्या जमिनींत तें पडलें आहे ती जमीन समजून घ्यावी, हा त्यांचा क्रम होता. घरांत एखादी जुनी वस्तु मिळाली तर आपण ती उचलून उजेडांत नेतों. शास्त्रज्ञ ती जेथें आहे तेथेंच उजेड नेतो. एवढाच तो भेद, पण त्यावर सारें शास्त्र उभें आहे.

अशा शोधांत चिरकी नाल्याच्या मुखाशीं, खडकावर विखुरलेल्या गोट्याधोंड्यांच्या एका थरांत, त्यांना हत्यारें दाट पसरलेलीं आढळलीं, आणि १९६६ ते १९६९ या वर्षांत त्यांनीं तेथें उत्खनन केलें. खोल विहिरीसारखा खड्डा खणून खालपर्यंत जाणें ही एक रीत. तिनें थरांचा क्रम कळतो, पण माणसाचा वावर कळत नाहीं. कोर्विनुसबाईंनीं आडवा विस्तार धरला. वरची माती व गाळ काढून ज्या पातळीवर हत्यारें पडलीं होतीं ती पातळीच त्यांनीं उघडी केली. आणि कोणतें हत्यार कोठें, कोणत्या बाजूवर, कोणत्या धोंड्याशेजारीं पडलें आहे, हें आधीं कागदावर उतरवून मगच तें उचललें. असें करतां करतां दोन हजारांहून अधिक घडीव दगड गोळा झाले. त्यांत पूर्ण झालेलीं हत्यारें होतीं, तशाच तीं घडवितांना उडालेल्या छिलक्या आणि ज्यांतून छिलक्या काढल्या ते मूळ गाभेहि होते. पुष्कळांच्या कडा अजून ताज्या होत्या. यावरून त्यांनीं असें अनुमान काढलें कीं, हा माल नदीनें लांबून वाहून आणलेला नव्हे. माणसें या ठिकाणीं अगर याच्या अगदीं निकट वावरत होतीं, दगड निवडीत होतीं आणि हत्यारें घडवीत होतीं. पाण्यानें त्या पसाऱ्यांत किती ढवळाढवळ केली असावी, याविषयीं पुढील अभ्यासकांनीं चर्चा केली आहे, आणि ती रास्तच आहे. परंतु ही चर्चा मुळांत शक्य झाली, ती बाईंच्या काटेकोर नोंदींमुळें. ज्यानें नोंदच ठेविली नाहीं, त्याच्याशीं वाद तरी कोणत्या आधारानें घालावा?

आतां हीं हत्यारें होतीं तरी कशीं? त्यांतील प्रमुख प्रकार दोन. एक हातकुऱ्हाड. नांव कुऱ्हाड असलें तरी तिला दांडा नसे. ती मुठींत धरावयाची. आकार साधारण पिंपळाच्या पानासारखा किंवा बदामासारखा. एक टोंक निमुळतें, दुसरें बोजड, आणि दोन्ही बाजूंनीं छिलके काढून आणलेली धार. दुसरा प्रकार फरशीचा. हिचें टोंक निमुळतें नसून सरळ, आडव्या धारेचें असतें. आपल्या सुताराची पटाशी रुंद करून पाहिली तर तिची कल्पना येईल. दगड बहुधा बेसॉल्ट आणि डोलेराइट, म्हणजे आपल्याच देशींचा काळा, कठीण पाषाण. ‘हत्यारांजोगा दगड नाहीं’ असें ज्या मुलखाविषयीं म्हटलें गेलें, त्या मुलखांतील कारागिरांनीं घरचाच दगड घेऊन त्याला वळण लावलें होतें. या घडणीच्या परंपरेला अश्यूलियन असें नांव आहे. फ्रान्समधील सेंट अश्यूल या ठिकाणावरून तें पडलें. आफ्रिकेंत ती सुमारें साडेसतरा लक्ष वर्षांपूर्वीं सुरू झाली, आणि तेथून अर्ध्या जगांत पसरली.

एखादा श्रोता म्हणेल, दगडावर दगड आपटला, यांत कारागिरी ती कसली? त्यानें एकदां करून पाहावें. काळ्या पाषाणाच्या गोट्यावर कोठेंहि घाव घातला तर नुसता भुगा निघतो किंवा गोटा नको तेथें दुभंगतो. घाव कडेपासून किती अंतरावर, किती कोनांत, किती जोरानें द्यावयाचा, हें ठाऊक असेल तरच हवी तशी छिलकी सुटते. शिवाय पहिला घाव घालण्यापूर्वींच शेवटचा आकार मनांत असावा लागतो. म्हणजे ज्या माणसांनीं हीं हत्यारें केलीं त्यांना उद्यांचा विचार करतां येत होता, आणि एकाची हातोटी दुसऱ्याला शिकवितां येत होती. माझ्यासारख्या शिक्षकाला या शेवटच्या गोष्टीचें विशेष अप्रूप वाटतें. जेथें एकाच घडणीचीं शेंकडों हत्यारें आहेत, तेथें कोणी शिकविणारा होता आणि कोणी शिकणारा होता. चिरकीच्या कांठीं फळा नव्हता, पुस्तक नव्हतें; पण शाळा होती.

हीं माणसें कोणत्या काळचीं? या प्रश्नाचें उत्तर कोर्विनुसबाईंनीं चिरकीचें काम केलें तेव्हां वर्षांच्या आंकड्यांत देतां येण्याजोगें नव्हतें. पुढें नेवाशाच्या थरांतील चुनखडीचें युरेनियम-थोरियम पद्धतीनें परीक्षण झालें, आणि त्यांतून साडेतीन लक्ष वर्षांहून अधिक असा काळ निघाला. येडूरवाडीच्या बाबतींतहि निष्कर्ष असाच आला. ‘हून अधिक’ म्हणण्याचें कारण असें कीं, या घड्याळाची धांव साधारण तेवढीच आहे. त्यापलीकडे त्याचा कांटा सरकत नाहीं. तामिळनाडूंत अतिरंपक्कम येथें इतर पद्धतींनीं झालेल्या परीक्षणांत सुमारें १५ लक्ष वर्षांचा काळ निघाला, आणि तो निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. चिरकीला या माणसांची अस्थि मिळाली नाहीं. भारतांत अशा पुरातन मानवाची कवटी मिळाली ती १९८२ सालीं, नर्मदेच्या कांठीं हथनोरा येथें, भूगर्भशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना. तीहि अर्धीच, वरचा भाग तेवढा. दगड टिकतो, हाड विरतें. म्हणून या पूर्वजांची ओळख त्यांच्या चेहऱ्यावरून न होतां त्यांच्या हस्तकौशल्यावरून होते.

चिरकीचें काम आटोपल्यावर कोर्विनुसबाईंची भ्रमंती सुरू झाली. १९७० नंतरच्या दशकांत त्या इथिओपियांतील अफार प्रदेशांत आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या पथकाबरोबर होत्या. तो प्रदेश म्हणजे उन्हानें करपलेलें ओसाड माळरान. तेथेंच हदार येथें १९७४ सालीं त्या पथकाला ‘लूसी’ या नांवानें जगप्रसिद्ध झालेला, सुमारें ३२ लक्ष वर्षांपूर्वींचा मानवसदृश मादीचा सांगाडा मिळाला. सांगाड्याची कीर्ति जगभर झाली. बाईंचें लक्ष मात्र दगडांकडे होतें. त्या प्रदेशांतील पाषाणहत्यारांविषयीं फ्रेंच विदुषी एलेन रोश यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेख १९७६ सालीं फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध झाला. जवळच्याच गोना येथील हत्यारें पुढें सुमारें २६ लक्ष वर्षांपूर्वींचीं ठरलीं. जगांतील अतिप्राचीन पाषाणहत्यारांत त्यांची गणना होते.

तेथून त्या आफ्रिकेच्या दुसऱ्या टोंकास, आज नामिबिया म्हणून स्वतंत्र असलेल्या देशांत गेल्या. ऑरेंज नदीच्या मुखाजवळचा तो भाग हिऱ्यांच्या खाणींचा. हिऱ्यांसाठीं उपसलेल्या जुन्या रेतीगोट्यांच्या थरांत त्या हिऱ्यांऐवजीं हाडें आणि हत्यारें पाहत. ॲरिसड्रिफ्ट येथें त्यांना १९७६ सालीं सुमारें पावणेदोन कोटि वर्षांपूर्वींच्या प्राण्यांच्या अस्थींचें एक समृद्ध स्थळ आढळलें. जेथें सर्व जग संपत्तीसाठीं माती उकरतें, तेथें तीच माती ज्ञानासाठीं पाहणारी एखादी दृष्टि असली म्हणजे काय लाभ होतो, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं. या गोष्टीकडे मी पुढें पुन्हां वळणार आहें.

१९८० नंतर त्यांनीं आपलें मुख्य कार्यक्षेत्र नेपाळ हें केलें. हिमालयाच्या पायथ्याशीं शिवालिक टेंकड्यांची रांग आहे, आणि तिच्या आंत दांग व देउखुरी यांसारखीं लांबट खोरीं आहेत. नेपाळच्या इतिहासाच्या पुस्तकांत अश्मयुगाचें पान त्या काळीं जवळजवळ कोरेंच होतें. बाईंनीं त्या खोऱ्यांतून अनेक वर्षें पायपीट केली. दांग खोऱ्यांत गदारी येथें आणि नारायणी नदीच्या बाजूस सतपती येथें त्यांना हातकुऱ्हाडी मिळाल्या. पूर्व नेपाळांत पाटू येथें त्यामानानें पुष्कळ अलीकडच्या काळांतील दगडी अवजारें मिळालीं. सुराई खोला या प्रवाहाच्या कांठीं उघडे पडलेले शिवालिक थर त्यांनीं क्रमानें अभ्यासून त्यांतील प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांची संगति लावली. नदीचा कांठ आधीं, हत्यार नंतर, हा प्रवरेच्या कांठीं ठरलेला क्रम त्यांनीं हिमालयाच्या पायथ्यालाहि सोडला नाहीं.

त्यांच्या चरित्रांत मला सर्वांत शिकण्याजोगी वाटते ती गोष्ट त्यांच्या ग्रंथांच्या तारखांत दडलेली आहे. चिरकीचें उत्खनन १९६९ सालीं संपलें. प्रवरेच्या थरांवरील त्यांचा पहिला खंड १९८१ सालीं, आणि चिरकीच्या उत्खननाचा दुसरा खंड १९८३ सालीं, ट्युबिंगेनच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. मधल्या बारा-चौदा वर्षांत त्या इथिओपियांत होत्या, नामिबियांत होत्या. नवीं स्थळें, नवे शोध, नवी कीर्ति समोर होती. तरी नेवाशाजवळच्या त्या नाल्याचें ऋण त्यांनीं बुडूं दिलें नाहीं. उत्खनन म्हणजे एक प्रकारें नाशच असतो. जो थर एकदां काढला, तो पुन्हां मांडतां येत नाहीं. म्हणून खणणाऱ्यानें जें पाहिलें तें संपूर्ण लिहून ठेवणें, हें त्याचें पहिलें कर्तव्य. जें खणलें गेलें पण लिहिलें गेलें नाहीं, तें दोनदां हरवलें. असें दोनदां हरवलेलें पुष्कळ आहे. चिरकी त्यांत नाहीं, याचें श्रेय या बाईंच्या सचोटीला आहे.

पुण्याशीं त्यांचा ऋणानुबंध अखेरपर्यंत टिकला, आणि दुर्दैवानें त्यांचा शेवटहि पुण्यांतच झाला. २००६ सालाच्या आरंभीं तेथें त्यांची हत्या झाली. त्याविषयीं अधिक बोलणें या ठिकाणीं प्रशस्त नव्हे. ज्या शहरानें आपणांस विद्येसाठीं जवळ केलें, त्या शहरांत असा अंत व्हावा, याची खंत प्रत्येक विद्याप्रेमी महाराष्ट्रीयास वाटली पाहिजे, इतकेंच म्हणतों. नेपाळवरील त्यांचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ पुढल्या वर्षीं, २००७ सालीं, जर्मनींत प्रसिद्ध झाला. तो छापील रूपांत पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. परंतु ज्याची जुळणी जिवंतपणीं झाली होती, तें काम त्यांच्या मागें जगाच्या हातीं पडलें.

श्रोतेहो, चरित्र येथें संपलें. पण तें सांगण्याचा माझा हेतु अजून पुरा झालेला नाहीं. चिरकीचें स्थळ जें मिळालें तें कशामुळें? प्रवरेची दरड शाबूत होती म्हणून. थर जसेच्या तसे होते, म्हणून ते वाचतां आले. आज आपल्या नद्यांच्या दरडींची काय स्थिति आहे? आमच्या येरळेच्या वाळूची कथा आमच्या भागांत कोणास ठाऊक नाहीं? पात्रांतील वाळू उपसून झाली कीं यंत्रें कांठाला लागतात. कांठची पोयट्याची माती वीटभट्टीला जाते. उरलेलें शेत सपाट करण्यासाठीं दरड ढकलली जाते. एका यंत्राला जें एका रात्रींत साधतें, तें जमविण्यास नदीला लक्षावधि वर्षें लागलीं होतीं. वाळूबरोबर पाणी जातें, विहिरी आटतात, हें आपण अनुभवानें शिकलों आहों. त्या वाळूबरोबर आणखीहि कांहीं जातें, हें मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नसतें. घर बांधणाऱ्याला वाळू हवी, हें मला मान्य आहे. माझेंहि घर कांहीं वाऱ्यावर उभें नाहीं. परंतु कोणता कांठ उपसावयाचा आणि कोणता राखावयाचा, याचा निवाडा करण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या माणसाला तो कांठ एकवार दाखविला, तर कोणाचें काय बिघडेल? नामिबियांत हिऱ्यांच्या खाणींत जें साधलें, तें कृष्णा-येरळेच्या कांठीं साधूं नये काय?

यासाठीं मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. नदीकांठीं जातांना दरडीकडे पाहण्याची संवय लावून घ्यावी. निरनिराळ्या रंगांचे थर दिसतात काय, गोट्यांचा पट्टा कोठें आहे, हें मुलांना दाखवावें. माणसाच्या हातचा भासणारा दगड, मोठें अश्मीभूत हाड किंवा जुनें खापर दरडींत अडकलेलें दिसलें, तर तें उपटून घरीं आणूं नये. तें आपल्या घरीं आलें कीं नुसता दगड होतें. आपल्या जागीं आहे तोंवर तें इतिहासाचें पान असतें. जागेचें नांव, नदीचा कोणता तीर, दरडीच्या माथ्यापासून किती हात खालीं, एवढें वहींत लिहावें, छायाचित्र घ्यावें, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावें. आपल्या शाळांच्या सहली किल्ल्यांवर आणि देवस्थानांना जातात, हें योग्यच आहे. आमच्या तालुक्यांत सागरेश्वरचीं प्राचीन मंदिरें पाहावयास मुलें उत्साहानें जातात. त्यांतील एखादा दिवस गांवच्या नदीच्या दरडीला द्यावा, अशी माझी शिक्षकबंधूंना विनंती आहे.

राजेरजवाड्यांचा इतिहास आपणांस पाठ असतो, कारण तो कोणीतरी लिहून ठेविला. ज्यांना लिहितां येत नव्हतें, त्यांचा इतिहास त्यांच्या हातच्या दगडांत आणि ते दगड ज्या मातींत निजले आहेत त्या मातींत आहे. तो वाचण्यासाठीं एक जर्मन विदुषी हजारों मैलांवरून नेवाशास आली, चिरकीच्या उन्हांत बसली, आणि जें वाचलें तें इमानानें लिहून गेली. तिनें जें केलें त्याच्या शतांशहि आपणांपैकीं बहुतेकांकडून होणार नाहीं. पण जी पोथी तिच्यासारखीला उद्यां वाचावयाची आहे, तिचीं पानें आज फाडूं नयेत, एवढें तर आपल्या हातीं आहे.